काशीराम घाडीचा दुसरा खिळा

बोरीवली पूर्वेला काशीराम घाडीला नावाने ओळखणारे थोडे, 'पारेवाले' म्हणून ओळखणारे सगळे. नॅशनल पार्कच्या कुंपणापासून चार पावलांवर एक दुमजली चाळ होती, तिच्या वरच्या मजल्यावरची शेवटची खोली त्याची. खोलीबाहेरच्या गॅलरीत खिळ्याला एक लाकडी फळी टांगलेली असे आणि फळीवर काचेच्या दोन नळ्या. एक कोरडी. दुसरीच्या बुडाला ओल्या चिंधीचं मुंडासं आणि चिंधीचं टोक पाण्याच्या बाटलीत. सुका पारा आणि ओला पारा, दोन्हींतला फरक पाहिला की हवेत दमटपणा किती ते कळतं. पहाटे सहाला आणि दुपारी तीनला काशीराम त्या फळीसमोर उभा राहायचा, नळीला आपल्या तोंडची वाफ लागू नये म्हणून श्वास रोखायचा, आकडे वाचायचा आणि वहीत उतरवायचा. त्र्याऐंशीच्या जानेवारीपासून त्याने एक दिवस चुकवला नव्हता. ताप आला तेव्हासुद्धा भिंतीला धरून उठला होता, आणि कोणी बायकोला वाचू दे म्हटलं तर म्हणाला होता की पारा वाचणं म्हणजे काय निवडणं-टिपणं नव्हे.

हे खूळ गिरणीतलं. काशीराम मूळचा देवगडकडचा, अठराव्या वर्षी मुंबईत आला तो थेट गिरणीच्या हवापाणी खात्यात. सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून गिरणीत हवा दमट ठेवावी लागते, आणि ती किती दमट आहे हे सांगणारा माणूस म्हणजे काशीराम. साचे, म्हणजे माग, जिथे चालत त्या खात्यात दर दोन तासांनी फळी वाचायची, वहीत लिहायचं, खाली सही करायची. सव्वीस वर्षं त्याने हे केलं आणि त्याच्या आकड्यावर कोणी बोट ठेवलं नाही.

एकदाच ठेवायला गेले. सत्तर-एकाहत्तरचा मे महिना. साचेखात्यात एका आठवड्यात तीन माणसं चक्कर येऊन पडली. कामगारांनी पंखे मागितले. वरून उत्तर आलं, मुंबईचं ऊनच कडक आहे, त्याला गिरणी काय करणार? काशीरामने जानेवारीतली वही काढली. रात्रपाळीचे आकडे दाखवले. बाहेर लोक शाली गुंडाळून झोपलेले आणि आत पारा मे महिन्यातल्यासारखाच चढलेला. सूर्याचं असतं तर सूर्य मावळल्यावर उतरलं असतं. उतरत नव्हतं, कारण ती उष्णता साच्यांची होती. जॉबर म्हणजे खात्याचा मुकादम. त्याने काशीरामला बाजूला घेऊन सांगितलं, दोन-दोन अंश कमी कर, तुझंही भलं होईल. तेव्हा काशीराम जे बोलला ते पुढे खात्यात म्हण होऊन बसलं. "पारा सांगेल ते लिहीन. मला हवं ते लिहायला लागलो तर मग पारा कशाला पाहिजे?"

पंखे आले. काशीरामची बढती तेवढी आली नाही.

ब्याऐंशीच्या संपानंतर गिरणीने त्याला परत घेतलं नाही. सामान भंगारात निघालं तेव्हा खात्याच्या साहेबाने ती जुनी फळी त्याच्या हातात दिली, घेऊन जा म्हणाला, तुझीच आहे. अंधेरीला एका फिल्म स्टुडिओच्या गेटवर संध्याकाळच्या पाळीचा वॉचमन म्हणून काशीराम लागला. गेटवर त्याच्या शब्दाला किंमत नव्हती. मोटारीचा भोंगा वाजला की फाटक उघडायचं, एवढंच. म्हणून घरच्या त्या वहीला तो इतका जपायचा. त्याचा शब्द जिथे शब्द राहिला होता अशी ती एकच जागा होती, हे माझं मत आहे, आणि ते चुकीचं नसावं.

आता एकोणनव्वद सालाकडे येऊ. त्या दीड-दोन वर्षांत वर्तमानपत्रांत एक नवाच विषय निघाला होता. पृथ्वी तापते आहे म्हणे. कोळशाचा, पेट्रोलचा धूर वर जाऊन हवेत पांघरुणासारखा राहतो आणि उष्णता अडकवतो, असं एक पक्ष म्हणायचा. दुसरा पक्ष म्हणायचा, छट्, हे सगळं सूर्याचं. चाळीजवळच्या जागृती वाचनालयात दर मे महिन्यात वादविवाद व्हायचा. तिथले कार्यवाह गुणाजी मास्तर, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी यंदा हाच विषय लावला: 'पृथ्वी तापते ती सूर्यामुळे की माणसामुळे?'

माणसाच्या बाजूने काशीराम उभा राहणार हे ठरलेलंच होतं. हा वाद तो गिरणीत एकदा जिंकला होता. सूर्याच्या बाजूने उभा राहिला भीमराज कांबळे, समोरच्या इमारतीतला, काशीरामहून दहा वर्षांनी लहान, पण दोघांची दोस्ती अरेतुरेची. भीमराज साताऱ्याकडचा. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत मापाची यंत्रं बनवणारा एक कारखाना होता, तिथे तयार माल तपासण्याचं काम त्याच्याकडे. त्यालाही एक वेड होतं. जुनी दुर्बीण खिडकीत बांधून तो सूर्याचा कवडसा पांढऱ्या कागदावर पाडायचा आणि त्यातले काळे डाग मोजायचा. शहाऐंशीत डाग नसल्यासारखेच होते. तिथून वाढत वाढत आता सूर्याच्या तोंडावर देवी आल्यासारखे झाले होते. डाग वाढतात तेव्हा सूर्य जोरात असतो, हे त्याने पुस्तकात वाचलं होतं.

सभेच्या आठवडाभर आधी भीमराजने काशीरामकडे वह्या मागितल्या. काशीरामने विचारसुद्धा केला नाही, सगळ्या दिल्या. खरं ते खरं, ते लपवायचं कशाला?

रविवारी सकाळी वाचनालय भरलं. काशीराम गिरणीवर बोलला, धुरावर बोलला, ठसक्यात बोलला. मग भीमराज उठला आणि त्याने भिंतीवर जुन्या कॅलेंडरचा पाठकोरा कागद लावला. कागदावर दोन रेघा. निळी रेघ सूर्यावरच्या डागांची. लाल रेघ काशीराम घाडींच्या वहीतली, दुपारी तीनच्या पाऱ्याची. त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी, लाल रेघ सपाट. शहाऐंशी संपता संपता, नेमकी निळी चढायला लागली तेव्हाच, ती वर उठली आणि वरच राहिली. भीमराज एवढंच म्हणाला की पुस्तकावर विश्वास ठेवू नका, माझ्यावर ठेवू नका, पण पारेवाल्यांचा आकडा खोटा नसतो हे तुम्हीच म्हणता. सभागृहात हात वर झाले ते बहुतेक सूर्याच्या बाजूने. गुणाजी मास्तरांनी भीमराजला शाल दिली, नारळ दिला.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. काशीराम कोणावर चिडणार? घरी आला आणि वह्या पसरून बसला. जेवायला उठला नाही. हरण्याचं त्याला फार वाटलं नव्हतं, माणूस हरतो. पण लाल रेघ पुन्हा पुन्हा पाहताना त्याच्यातला हवापाणी खात्यातला माणूस जागा झाला. तापमान असं वाढत नाही. ही रेघ चढाची नव्हती, पायरीची होती. शहाऐंशीच्या दिवाळीपर्यंत एक मजला, दिवाळीनंतर दुसरा मजला, दोन अंशांनी वरचा. सूर्य काय दिवाळीचा मुहूर्त बघून तापायला लागला?

दिवाळीत काय झालं होतं, ते त्याला त्याच क्षणी आठवलं. आठवलं आणि त्याने वही मिटली, कारण ते त्याला आठवायचं नव्हतं.

शहाऐंशीच्या दिवाळीपर्यंत त्याचे डोळे अधू झाले होते. पहाटे सहाला अंधार, त्यात पाऱ्याचा धागा दिसेना. चाळिशी उलटून किती वर्षं झाली होती, पण चष्मा म्हणजे त्याला नामुष्की वाटायची; ज्याच्या नजरेवर सव्वीस वर्षं गिरणी चालली त्याने काचा लावायच्या? त्याने गुपचूप दुसरा खिळा ठोकला, हातभर पलीकडे, गॅलरीच्या उघड्या टोकाला, जिथे आधी उजाडतं. फळी तिथे टांगली आणि विसरून गेला. हातभराने काय होतंय? गिरणीत तर काहीच होत नसे. चारी बाजूंनी बंद खातं, आतली हवा सगळीकडे सारखी, फळी या खांबावर टांगा नाहीतर त्या खांबावर, आकडा तोच. सव्वीस वर्षांची ती सवय त्याने उघड्या गॅलरीत आणली होती.

तरी त्याने मनाची समजूत घातली की एवढ्याने दोन अंशांचा फरक पडत नाही. ती समजूत दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने, शेवंतीने मोडली, आणि तिला पत्ताही नव्हता. गावाहून रातांबे आले होते आणि ती आमसुलं वाळत घालत होती. उघड्या टोकाकडचं सूप उचलून तिने त्यातली सुकलेली आमसुलं बरणीत भरली आणि आतल्या बाजूचं सूप त्या जागी सरकवलं. काशीराम बघत राहिला. हे असं का करतेस, त्याने विचारलं.

"थयल्या कोपऱ्यात दोन दिसात सुकतत," शेवंती म्हणाली. "हयसर चार दीस लागतत. खालच्या गोदामाच्या पत्र्याची झळ येता थंय."

"कधीपासून येता?"

"आपण हय ऱ्हवाक इलो तेव्हापासून. तुमी कधी इचारलात?"

काशीराम गॅलरीत खाली बसला. गोदामाचा पत्रा दुपारच्या उन्हात डोळे दिपवत होता आणि त्याची झळ नेमकी दुसऱ्या खिळ्यावर येत होती. सूर्य नाही, धूर नाही. अडीच वर्षं तो पत्र्याचं तापमान लिहीत होता, खाली सही करून.

त्याची पंचाईत नीट समजून घ्या. गप्प बसला असता तर कोणालाही कळलं नसतं. आणि आता सांगायला गेला असता तर लोक काय म्हणाले असते? हरला, म्हणून सबब काढली. नाचता येईना अंगण वाकडं. ज्या माणसाजवळ खरं बोलण्याच्या लौकिकाशिवाय काही नव्हतं, त्याचं खरंच आता खोट्यासारखं दिसणार होतं. शेवंतीने विचारलं, मग आता काय करतलात? तो म्हणाला, गिरणीत जॉबरला सांगितलं होतं तेच. आणि चपला घालून समोरच्या इमारतीत गेला.

भीमराज दुसऱ्या दिवशी गावी निघायच्या तयारीत होता. पंधरा दिवसांची रजा काढलेली, वळकट्या बांधून ठेवलेल्या. काशीरामने उभ्याउभ्याच सांगितलं, डोळ्यांसकट सगळं सांगितलं, आणि एक जादा थर्मामीटर मागितला, तपासलेला. भीमराजचा चेहरा कठीण झाला.

"हरल्यावर आठवलं तुला, काशीराम?"

"हरलो म्हणूनच आठवलं. जिंकलो असतो तर वह्या उघडल्याच नसत्या. त्याचीही लाज वाटते मला."

"तुझ्या शब्दावर मी कागद फाडून टाकायचा?"

"माझ्या शब्दावर नको. तू वाच. मी फळीला हात लावत नाही."

भीमराजने आपल्या वळकटीची दोरी सोडली. मग म्हणाला, आमच्या घरात डोळे झाकून मानायची रीत नाही, झटकून टाकायचीही नाही. तपासायचं आणि मग काय ते ठरवायचं. त्याने आपली बायको द्रौपदी हिला पोरांसह गावी पुढे पाठवलं. ती जाताना काशीरामकडे ज्या नजरेने बघून गेली ती नजर काशीराम जन्मात विसरला नाही. पण भीमराजची रजा फळीपुढे गेली.

पहिल्या खिळ्यावर फळीवरची कोरडी नळी, दुसऱ्या खिळ्यावर भीमराजने आणलेली तपासलेली नळी. पहाटे सहा, दुपारी तीन. वाचायचा भीमराज, लिहायचा भीमराज. काशीराम दाराच्या आत हाताची घडी घालून उभा राहायचा, आणि नवरा असा गप्प उभा राहू शकतो हे शेवंतीला लग्नाला तीस वर्षं झाल्यावर प्रथमच कळलं. आठव्या दिवशी भीमराजने नळ्यांची अदलाबदल केली, न जाणो दोष नळीतच असला तर. फरक जागचा हलला नाही. पहाटे दोन्ही खिळ्यांवर पारा सारखा. दुपारी दुसऱ्या खिळ्यावर पावणेदोन ते दोन अंश जास्त, रोज.

जूनच्या पहिल्या रविवारी काशीराम वाचनालयात गेला आणि बोलायला वेळ मागितला. गुणाजी मास्तर म्हणाले, निकाल लागलेला आहे घाडी, आता ते उकरू नका. काशीराम हटला नाही. निकाल राहू दे, म्हणाला, मला माझा आकडा परत घ्यायचा आहे.

तो उभा राहिला. या वेळी ठसका नव्हता.

"शहाऐंशीच्या दिवाळीनंतरचे माझे दुपारचे आकडे चुकीचे आहेत. पारा चुकला नाही, मी चुकलो. मला दिसेनासं झालं होतं आणि ते मला कबूल करायचं नव्हतं. म्हणून मी फळी उजेडाकडे सरकवली आणि अडीच वर्षं पत्र्याची झळ लिहीत बसलो."

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, म्हणजे पृथ्वी तापली ती सूर्याने नाही, माणसाने नाही, घाडींच्या खिळ्याने. सगळं सभागृह हसलं. काशीरामचे कान लाल झाले, पण तो खाली बसला नाही. तेव्हा भीमराज उठला, भिंतीवर अजून लटकत असलेला आपला कागद त्याने टाचण्या काढून उतरवला, घडी करून खिशात घातला आणि पंधरा दिवसांचे आकडे वाचून दाखवले. हसणं थांबलं. आकडे भीमराजने स्वतः वाचलेले होते, आणि आकड्यांनी त्याचीच बाजू पडत होती.

गुणाजी मास्तरांना वाटलं, आता उदार व्हावं. पहाटेचे आकडे तर बरोबर आहेत ना, त्यांनी काशीरामच्या वह्या चाळत विचारलं, आणि ते सहा वर्षांत पाव अंश वर गेलेले दिसतात. मग रात्र निवत नाही हे तुमचं गिरणीतलं म्हणणं खरं ठरलं, जिंकलात की तुम्ही. काशीरामच्या तोंडापर्यंत घास आला होता. त्याने तो घेतला नाही. सहा वर्षांत आजूबाजूला चार इमारती उठल्या, म्हणाला, झाडं गेली, पहाट त्यानेही गरम झाली असेल. पाव अंशावर आणि एका चाळीच्या गॅलरीवर पृथ्वीचा निवाडा करायचा नसतो.

"माझं मत बदललेलं नाही," तो पुढे म्हणाला. "सूर्याचं असेल तर दुपार आधी तापेल, आपल्या यंत्रांचं असेल तर रात्र निवायची नाही. पण ते माझ्या तोंडून सिद्ध होणार नाही. जगभर अशा फळ्या टांगलेल्या असतील, त्या सगळ्यांच्या वह्या शेजारी शेजारी मांडाव्या लागतील. त्यात माझी गेली तर ती खरी जायला हवी, एवढंच माझ्या हातात आहे."

त्यावर भीमराजने एक गोष्ट सांगितली, आणि माझ्या मते त्या दोन सभांमधली तीच सर्वांत शहाणपणाची. सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांत चढतात आणि उतरतात. आता चढले आहेत, पाच-सहा वर्षांत उतरतील. तेव्हा पाराही उतरला तर सूर्य. सूर्य ओसरला आणि जगाचा पारा ओसरला नाही, तर तो स्वतः याच जागी उभा राहून काशीरामला शाल घालेल. तोवर तू पारा लिही, मी डाग लिहितो. काशीराम कबूल म्हणाला. सभा संपल्यावर भीमराजने बक्षिसाचा नारळ तिथेच पायरीवर फोडला आणि खोबरं वाटलं.

संध्याकाळी गेटवर जाण्याआधी काशीरामने दोन कामं केली. फळी पहिल्या खिळ्यावर, आतल्या सावलीत टांगली. आणि शहाऐंशीच्या दिवाळीपासूनचं एकेक पान उलटून दुपारच्या रकान्याच्या डोक्यावर लिहिलं, 'चुकीच्या खिळ्यावरचे आकडे. चूक माझी. का. रा. घाडी.' एकही आकडा खोडला नाही. बोटं दुखेपर्यंत लिहीत होता.

दुसऱ्या आठवड्यात त्याने चष्मा केला. चष्मा नाकावर आला, पण डॉक्टरने सांगितलं की उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरतो आहे, पुढेमागे कापावा लागेल. घरी येऊन त्याने हे सांगितलं आणि हिशेब केला. डाग उतरायला सहा वर्षं, खात्री करायला आणखी चार-पाच. एकूण अकरा. तो बावन्नचा होता. आकडा मोठा होता, पण माघार घ्यायचा विचार त्याच्या मनाला शिवला नाही, हे मी त्याच्या शेजाऱ्यांकडून खात्रीने ऐकलं आहे. विचार दुसराच होता. डोळा बांधून पडावं लागलं तर त्या दिवसांत कोण वाचणार?

"मी वाचीन," शेवंती म्हणाली. "थंय झळ येता ती कोणाक कळली होती?"

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला काशीरामने तिला फळीसमोर उभं केलं. श्वास कसा रोखायचा, डोळा पाऱ्याच्या टोकाच्या समोरासमोर कसा आणायचा, बारीक रेघा कशा मोजायच्या, सगळं गिरणीत नव्या माणसाला शिकवतात तसं शिकवलं. शेवंतीने पदर खोचला. तिने सुका पारा वाचला, मग ओला वाचला, सावकाश, आणि आकडे सांगितले.

काशीरामच्या नाकावर नवा चष्मा होता, फळी दोन पावलांवर होती. तो पुढे झाला नाही. वही मांडीवर घेऊन त्याने तिने सांगितलेले आकडे उतरवले आणि सहीसाठी पेन्सिल तिच्या हातात दिली.